रेंज फुल्ल, फोन गप्प: वाड्यांवरच्या फोन-तपासणीच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

परवा वरच्या वाडीच्या मावशी तिसऱ्यांदा माझ्या सेवा केंद्रावर आल्या. लाडक्या बहिणीचं ई-केवायसी १८ सप्टेंबरला सुरू झालं आणि मुदत दोन महिन्यांची. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, तो टाकला की पुढचं पान उघडतं. मावशींच्या फोनवर ओटीपी येईना. दोन खेपा झाल्या. दर खेपेला वडापच्या जीपचे पैसे गेले आणि दिवसाची मजुरी बुडाली.

फोन हातात घेऊन बघितला. वर ४जी लिहिलेलं, रेंजच्या चारही काड्या भरलेल्या. माझ्या फोनवरून त्यांना रिंग दिली तर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. त्यांच्या फोनवरून मला लावला तर स्क्रीनवर क्षणभर नंबर दिसला आणि कॉल गळून पडला. त्यांचं कार्ड काढून माझ्या फोनमध्ये घातलं, तेव्हा दोन मिनिटांत तीन मेसेज धडाधड आले. म्हणजे कार्ड चांगलं, टॉवर चांगला, पण मावशींचा फोन त्या कंपनीशी बोलूच शकत नाही.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. रिचार्ज महाग झाला म्हणून कुणीतरी त्यांचा नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून दिला होता. नंबर गेला, कार्ड बदललं, फोन तोच राहिला, दहा वर्षांपूर्वीचा. जुन्या कंपनीचं २जी होतं, त्यावर कॉल जायचे. नव्या कंपनीच्या टॉवरवर कॉलही ४जीवरूनच जातो आणि तो कसा लावायचा हे या फोनला माहीतच नाही.

त्यांचं स्वतःचं ई-केवायसी माझ्या फोनमध्ये कार्ड घालून उरकलं. नवऱ्याचाही ओटीपी लागतो, तो राहिला. पण मावशींना त्याची फिकीर नव्हती. म्हणाल्या, “केवायसीचं ऱ्हाऊ दे गं पोरी. म्हमईवरनं पोराचा फोन लागंना झालाय तीन आठवडं. त्यो म्हनतोय आई फोन बंद ठेवती. मी कुठं बंद ठेवलाय? रेंज तर फुल्ल दावतंय.”

आशाताईंशी बोलले. गरोदर बायांचे फोन लागत नाहीत ही त्यांची नेहमीची तक्रार. आजवर आम्ही दोघी त्याचा दोष ‘डोंगरातली रेंज’ म्हणून डोंगरावर ढकलत आलो. ठरवलं की प्रत्येक वाडीत जायचं आणि प्रत्येक फोन त्या माणसाच्या घरात, त्याच्याच कार्डावर तपासायचा. नोंद वहीत करायची.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सामानाची जमवाजमव. चारही कंपन्यांचं एकेक चालू कार्ड आणि ती घालायला दोन फोन. एक माझा टच, एक साधा बटणाचा २जी. सिमची पिन, चार्जर, पॉवर बँक. टॉवर कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, आहे आणि सिग्नल किती हे आकड्यात दाखवणारं नेटमॉन्स्टर नावाचं ॲप टाकून घेतलं. काड्यांवर माझा आता विश्वास नाही. कुठल्या फोनने किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे तो फोन बनवणाराच ठरवतो.

वहीत रकाने आखले: फोन कुठला, किती जुना; कार्ड कुठल्या कंपनीचं, सिम एकमध्ये की दोनमध्ये; येणारा कॉल; जाणारा कॉल; येणारा मेसेज; नेट. आशाताईंनी एक रकाना वाढवायला लावला, ‘घरात दुसरा फोन आहे का’. तो सगळ्यात कामाचा ठरेल असं वाटतं.

रात्री स्वतःसाठी चारही कंपन्यांचं टिपण काढलं. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली तीच मुळी ४जीवर. तिचं २जी किंवा ३जी कधी नव्हतंच. ४जीसाठी तिच्याकडे ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे. एअरटेलकडे ९००, १८००, २१०० आणि २३००, शिवाय जुनं २जी अजून चालू. ३जी मात्र २०२० मध्येच गुंडाळलं. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या आणि २०२० पासून त्यांचं नाव व्ही. त्यांच्याकडे ९००, १८००, २१०० आणि २५००, आणि २जी आहे. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१००वर. गेल्याच महिन्यात, २७ सप्टेंबरला, त्याचं देशभराचं उद्घाटन झालं. यातली कुठली लहर कुठल्या टॉवरवर लावलीय हे गावोगाव वेगळं असतं. आपला महाराष्ट्र सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, गोव्यासकट धरतात, मुंबई त्यातून वेगळी काढलेली. त्यामुळे ‘मुंबईत चालतो’ हा पुरावा आपल्याकडे लागू होत नाही.

फोन चालायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. टॉवरची लहर फोनला ऐकू आली पाहिजे. त्या नेटवर्कवर कॉल करायची पद्धत फोनला यायला हवी. आणि फोनवर दुसऱ्या कंपनीचं कुलूप नसावं. काड्या सांगतात ती फक्त पहिली गोष्ट.

१२ ऑक्टोबर, रविवार. वरची वाडी

सकाळी सात वाजता चढायला सुरुवात केली. अठरा फोन तपासले. भात कापणीचे दिवस, माणसं खाचरात, त्यामुळे बरेचसे फोन बांधावर बसूनच बघितले.

आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात. टॉवर खाली रस्त्याला. वरची वाडी डोंगराच्या सोंडेआड. इथे लहरीच्या लांबीचा हिशेब डोळ्यांनी दिसला. २३०० मेगाहर्ट्झची लहर असते १३ सेंटीमीटरची, वीतभरही नाही. ७००ची लहर ४३ सेंटीमीटरची, जवळजवळ हातभर. आखूड लहर डोंगराच्या कडेवर अडते, झाडीत विरते. लांब लहर कडेवरून थोडी वळून आत उतरते, भिंतीतूनही जाते. चावडीत माझ्या फोनवर एकाच कंपनीच्या दोन्ही लहरी मिळत होत्या, आखूड उणे ९२ डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचं माप), लांब उणे ८८. सोंड ओलांडली आणि आखूड लहर नाहीशी झाली. लांब तेवढी उणे १०९ वर तग धरून. आकड्यापुढे उणे असल्यामुळे जेवढा आकडा मोठा तेवढा सिग्नल बारीक. उणे ११५ च्या पलीकडे कॉल तुटायला लागतो.

म्हणून एकाच घरात, एकाच कंपनीची कार्डं असलेल्या दोन भावांपैकी एकाचा फोन लागतो आणि दुसऱ्याचा लागत नाही. धाकटा जहाजावर नोकरीला आहे, त्याने फोन परदेशातल्या बंदरावर घेतलेला. १८०० जगात पुष्कळ ठिकाणी चालतो, त्यामुळे मुंबईत त्याचं काही अडत नाही. इथे घरापर्यंत पोचणारी जी एकच लांब लहर आहे, तीच नेमकी त्याच्या फोनात नाही. फोन महाग, कॅमेरा झकास, पण घरी आल्यावर तो मुका. त्याचा बराच वेळ समज होता की फोन पडल्यामुळे बिघडलाय. दोनदा दुकानात नेऊन अँटेना बदलून झाली होती. मॉडेलची पूर्ण संख्या घेऊन बँडची यादी काढून दाखवली तेव्हा तो गप्प झाला आणि म्हणाला, “म्हणजे ह्यात बिघाड काहीच नव्हता.” नव्हताच.

एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या बँडचा निघतो, हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. नाव बघून काही कळत नाही. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जी अक्षर-अंकांची मॉडेल संख्या असते ती बघायची.

अठरापैकी चार फोनांत दोष काहीच नव्हता, व्होएलटीईचं, म्हणजे ४जीवरून कॉल करायच्या सोयीचं, बटण बंद होतं एवढंच. काहींवर त्याला ‘४जी कॉलिंग’ म्हणतात, काहींवर ‘एचडी’. चालू केलं, पंधरा सेकंद थांबले, वर छोटं चिन्ह उमटलं आणि कॉल लागला. एक मिनिटाचं काम, पण ते न झाल्यामुळे एका घरात सहा महिने कुणाचा फोन लागत नव्हता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काम नाही. दुपारनंतर पाऊस, कापलेलं भात झाकायला सगळे पळाले, मीही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दिवाळीचे दिवस मुद्दाम धरले होते. मुंबईची, पुण्याची पोरं येतात आणि जुना फोन आईबापाला देऊन जातात. दिवाळीची भेटच असते ती. हा फोन चालला तर वर्षभर ख्यालीखुशाली कळते, नाही चालला तर पोरगं परत गेल्यावर बघणारं कुणी नसतं.

देवळाच्या सभामंडपात सतरंजी घातली. दोन दिवसांत तेवीस फोन झाले. रांग लागली तेव्हा आशाताईंनी नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या.

सगळ्यात जास्त वेळा सापडलेली गोष्ट दोन सिमची. सात-आठ वर्षांपूर्वीच्या पुष्कळ फोनांत ४जी एका वेळी एकाच कार्डाला मिळतं, दुसरं २जीवर बसतं. नेटचं कार्ड सिम एकमध्ये ठेवायची सवय. मग कॉलचं, आधारला जोडलेलं, बँकेचं कार्ड सिम दोनमध्ये पडून. ते २जी असलेल्या कंपनीचं असेल तर निभावतं. फक्त ४जीवर चालणाऱ्या कंपनीचं असेल तर त्याला तिथे काही ऐकूच येत नाही. कार्डांची अदलाबदल केली की चालतं. असे पाच फोन.

एका काकांचा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने पाठवलेला फोन काकांनी दसऱ्यापासून डब्यात जपून ठेवला होता, लावला नव्हता. कार्ड घातलं तर ‘सिम नॉट सपोर्टेड’. बँड सगळे होते, कॉलची पद्धतही होती. होतं ते कुलूप. अमेरिकेत पुष्कळ फोन कंपनीकडून हप्त्यावर घेतले जातात आणि हप्ते फिटेपर्यंत ते त्याच कंपनीच्या कार्डाला बांधलेले असतात. आपल्याकडे फोन दुकानात घेतो आणि कार्ड वेगळं घेतो, त्यामुळे कुलपाची कल्पनाच नसते. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’च्या पानावर ‘कॅरिअर लॉक’ म्हणून एक ओळ असते, तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असायला हवं. काकांच्या फोनवर ते नव्हतं. भाच्याला तिथूनच कंपनीकडे अर्ज करून उघडून घ्यायला सांगितलं. बाजारात शंभर-दोनशे रुपयांत ‘अनलॉक’ करून देतो म्हणणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नका, असंही बजावलं. आणखी एक सांगितलं: पुढच्या वेळी भाचा तिकडून नवा आयफोन आणणार असेल तर चौदाव्या मालिकेपासून अमेरिकेतल्या आयफोनना कार्ड घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं कार्ड, चालतं.

कुलपाचं म्हटलं तर आपल्याकडेही आहे, पण ते उघड सांगून विकलेलं. जिओफोन जिओच्याच कार्डावर चालतो. तीन आज्यांकडे तो होता आणि तिघींचाही उत्तम चालतो. त्यांना मी एवढंच सांगितलं की स्वस्तात पोर्ट करून देतो म्हणून कुणी आलं तर आधी माझ्याकडे या. नंबर जाईल, फोन मागे राहील.

सरपंचांच्या घरून पोराने गंमत म्हणून एक जुना फोन आणला. रिलायन्सचा, २००३ च्या सुमाराचा, सीडीएमए नावाच्या जुन्या पद्धतीचा. मागचं झाकण काढलं तर कार्डाची जागाच नाही. तेव्हा नंबर फोनच्या पोटातच लिहिलेला असायचा. कंपनी बदलायची तर फोन टाकूनच द्यावा लागे. ज्या ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तो बोलायचा त्याच पट्ट्यावर, ८५०च्या नावाने, आज ४जी चालतं. वीस वर्षांनी लहर तीच, तिच्यावर बोलायची भाषा बदललेली. पोरांना हे सांगितलं तर त्यांनी तो फोन हातोहात फिरवला. आकडे झिजलेले, पाचाच्या बटणावरचा आंधळ्यांसाठीचा उंचवटा मात्र अजून बोटाला लागत होता.

एक फोन वेगळाच निघाला. दादरच्या कुठल्याशा फुटपाथवरून साडेतीन हजाराला घेतलेला, कुठल्याच कार्डावर नेटवर्क नाही. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख-क्रमांक, काढला, ‘केवायएम’ लिहून पुढे जागा सोडून तो आकडा १४४२२ वर मेसेज केला. उत्तर आलं, काळ्या यादीत. कुणाचा तरी हरवलेला किंवा चोरीला गेलेला फोन. एकदा तिथे नाव चढलं की देशातली कुठलीच कंपनी त्याला घेत नाही. पोराचं तोंड उतरलं. त्याने आईसाठी ओव्हरटाइम करून पैसे साठवले होते. जुना फोन घेताना पैसे देण्याआधी हा मेसेज करायचा, हे त्या दिवशी सभामंडपात मी मोठ्याने तीनदा सांगितलं.

मावशींचा पोरगा दिवाळीला आला नाही, रजा मिळाली नाही. शेजाऱ्याच्या हाती त्याने स्वतःचा जुना फोन पाठवला. मावशी तो पदराला बांधून आल्या. मी कार्ड घातलं, सिम एकमध्येच. लहर मिळाली, ४जी आलं. व्होएलटीईचं बटण सेटिंगमध्ये शोधलं तर बटणच नाही. पोराच्या कंपनीच्या कार्डावर बटण दिसतं, मावशींच्या कार्डावर गायब होतं. फोन तोच.

मला काही उत्तर सुचेना. मावशींना तसं सांगितलं. त्यांनी फोन परत पदरात बांधला आणि तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज एक चूक लिहायची आहे. पंधरा दिवसांपूर्वी मधल्या वाडीच्या एका काकांना मी पोर्ट करायला सांगितलं. त्यांचा फोन चांगला, सगळं जुळत होतं. चावडीत नव्या कंपनीच्या कार्डावर कॉल लावून बघितला, मेसेज बघितला, मगच सांगितलं. ‘पोर्ट’ लिहून पुढे नंबर, १९०० वर मेसेज, आलेला कोड चार दिवसांच्या आत दुकानात. सगळं रीतसर.

पण मी तपासलं चावडीत. काका राहतात ओढ्यापलीकडे, आणि तिथे नव्या कंपनीचं काहीच पोचत नाही. मी स्वतःच ठरवलेला नियम, फोन माणसाच्या घरात तपासायचा, घाईत मोडला. काकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, मुली लांब दिल्यात. आता एकदा पोर्ट केलं की नव्वद दिवस परत जाता येत नाही.

आज त्यांच्याकडे जाऊन आले. सिम दोनमध्ये जुन्या कंपनीचं नवं कार्ड घातलं, त्याचा रिचार्ज मी भरला, मुलींना दोघींनाही तो नंबर स्वतः फोन करून कळवला. जानेवारीत त्यांचा मूळ नंबर परत पोर्ट करायचा, तारीख कॅलेंडरवर लिहिली. काका रागावले नाहीत. उलट काकूंनी चहा केला. मला तो गोड लागला नाही.

वहीत पहिल्या पानावर लाल पेनने: कॉल जिथे घ्यायचा तिथेच लावून बघायचा.

२ नोव्हेंबर, रविवार. धनगरवाडा

कार्तिकी एकादशी, निम्मे बाप्ये पंढरपुरात. चढण दीड तासाची. नऊ फोन, त्यांतले सात बटणाचे.

माळाच्या टोकाला एक मोठा खडक आहे, त्याच्यावर उभं राहिलं की दोन कंपन्यांचं २जी मिळतं. ४जी कुणाचंच नाही. आबा म्हशी घेऊन त्या बाजूला जातात तेव्हा पोरीला फोन लावतात. त्यांचा फोन ९०० आणि १८०० एवढंच जाणणारा, आठशे रुपयांचा, बॅटरी पाच दिवस टिकते. पाटणला एका दुकानात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हा आता बंद पडणार, टच घ्या. त्यांनी एक म्हैस विकायचा विचार बोलून दाखवला.

मी माझा टच आणि त्यांचा बटणाचा, दोन्ही त्या खडकावर शेजारी शेजारी ठेवले आणि एकाच वेळी आशाताईंना लावले. त्यांचा आधी लागला. आवाज स्वच्छ. आबांना म्हटलं, हा फोन ठेवा. इथे ४जीचा टॉवर येईल त्या दिवशी बघू, तोवर हाच तुमचा खरा फोन. ३जी बहुतेक ठिकाणी गेलं, पण २जी अजून उभं आहे आणि अशा जागी तेवढंच आहे.

दुर्गम भागातल्या न पोचलेल्या गावांना ४जी द्यायची केंद्र सरकारची योजना आहे, २०२२ मध्ये मंजूर झालेली, २४,६८० गावांची, काम बीएसएनएलकडे. आमचा वाडा त्या यादीत आहे का हे ग्रामसेवकांना विचारायचं. आला टॉवर तर तो फक्त ४जीचा असेल का, हेही. कारण तसा असला तर हे सात बटणाचे फोन टॉवरखाली बसूनसुद्धा गप्प राहतील, आणि हे आधी कळलं तर तयारी करता येते.

अॅम्ब्युलन्सचा विषय निघाला. १०८ सगळ्यांना पाठ आहे. सांगितलं की ११२ ही लक्षात ठेवा. ११२ लावला की फोन स्वतःच्या कंपनीची वाट बघत बसत नाही, जे नेटवर्क ऐकू येतं त्यावरून लावायचा प्रयत्न करतो. तेही फोनला त्या नेटवर्कची भाषा येत असेल तर. खडकावर नेमकं कुठे उभं राहायचं तिथे आबांनी चुन्याने खूण करून ठेवली. मी म्हणायच्या आधी.

९ नोव्हेंबर, रविवार

मावशींच्या फोनचं कोडं सुटलं.

४जीवर कॉल करायचा तर प्रत्येक कंपनीची व्यवस्था फोनला आधी शिकवावी लागते. फोन बनवणारा प्रत्येक कंपनीसाठी एक छोटी फाइल सॉफ्टवेअरमध्ये घालतो. ती असेल तर त्या कंपनीच्या कार्डावर बटण दिसतं, नसेल तर दिसतच नाही. नवी फाइल अपडेटमधून येते. पोराने फोन घेतल्यापासून एकही अपडेट केलेलं नव्हतं, नेट संपेल म्हणून. तीन साचलेले होते, मिळून दोन जीबीच्या वर.

काल रात्री केंद्रावर फोन ठेवून घेतला आणि ग्रामपंचायतीच्या फायबरच्या वायफायवर लावला. मधे लाइट गेली, परत आली. सकाळी साडेसहाला येऊन बघितलं, तिसरा अपडेट होऊन फोन नुकताच चालू झाला होता. मावशींचं कार्ड घातलं. सेटिंग उघडली. तिथे बटण होतं.

लगेच वहीतले ‘चालत नाही’वाले सगळे चाळले. आणखी दोघांची अशीच शक्यता दिसते. त्यांना निरोप धाडले. मावशींचा जुना दहा वर्षांपूर्वीचा फोन मात्र अपडेटने सुधारणारा नाही. त्याला अपडेट येणं कधीच बंद झालं.

दुपारी आशाताईंबरोबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर काय लिहायचं यावर बराच वाद. मी लिहिलेल्या मजकुरात बँड आले, व्होएलटीई आलं. त्या म्हणाल्या, “ताई, हे वाचून बायका फळ्यापासून लांब जातील.” त्यांनी खोडून असं लिहिलं:

“नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा आहे? आधी शेजाऱ्याचं त्या कंपनीचं कार्ड आपल्या फोनात घाला. आपल्या घरात बसा. एक फोन लावा, एक घ्या, एक मेसेज मागवा. तिन्ही झालं तर न्या.”

यात माझं सगळं आलं. एक शब्द बदलला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वहीची बेरीज केली. केंद्रावर आलेले अकरा धरून एकसष्ट फोन. चौतीस आधीच नीट चालत होते. सोळा फोन व्होएलटीईचं बटण, सिमची अदलाबदल किंवा अपडेट यांनी सुधारले. चौघांनी कार्ड बदललं. सात कशानेच चालणारे नाहीत. सोळा आकड्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. एवढ्या लोकांनी फोन बिघडला असं धरून चालवून घेतलं होतं, आणि खर्च शून्य रुपये होता.

सातांपैकी पाच घरांत दुसरा फोन आहे. उरलेल्या दोन घरांसाठी ४जी बटणाचे फोन बघायचे. सरपंच म्हणाले मुंबईच्या मंडळाकडे शब्द टाकतो.

सकाळी आशाताईंबरोबर वरच्या वाडीला गेले होते. मावशींच्या ओसरीवर फोन तपासला, खांबापाशी, मग चुलीपाशी, मग मागच्या गोठ्यात. चुलीपाशी उणे ११२, तिथे नको म्हटलं. खांबापाशी उणे १०४. खांबाला खिळा होता, त्याला फोनची पिशवी अडकवली. मेसेज मागवला, आला. मावशींच्या नवऱ्याचं कार्डही त्यातच सिम दोनमध्ये घालून त्यांचा ओटीपी घेतला आणि ई-केवायसी पुरं केलं.

मग मुंबईला पोराला मेसेज केला की आता लाव. आम्ही तिघी खांबाकडे बघत बसलो. मावशींनी हात धुऊन पदराला पुसले. वाजला. त्यांनी पिशवीसकटच कानाला लावला आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, “आरं मी बंद नव्हता ठिवला.”

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे पलीकडच्या दोन वाड्या घेता येतील. पुढच्या रविवारी निघायचं, सातला, आशाताई चावडीपाशी. बटणाच्या फोनची बॅटरी आज चार्जिंगला लावली. ग्रामसेवकांना टॉवरच्या यादीचं विचारलं, शुक्रवारी सांगतो म्हणाले.